पोरीला इकॉनॉमिक्स करायचंय: सांगलीत ठेवू, पुण्याला पाठवू की अठरा लाख घालून लांब?

कृष्णाकाठ (धागा सुरू केला)
नमस्कार मंडळी. पोरीची बारावी सायन्स झाली, गणित होतं, मार्क चांगले आहेत, पण इंजिनीअरिंगला जायचं नाही म्हणतीय, इकॉनॉमिक्सच करणार. आमच्या घरात असलं काही पहिल्यांदाच. मी नाही म्हणणार नाही कारण तिला विषय मनापासून आवडतो हे मला दिसतंय, आमची हळद यार्डात गेली की अडत्याची पट्टी घेऊन बसते, हमाली किती, तोलाई किती, गेल्या सौद्याला क्विंटलला काय निघालं होतं, हे सगळं वहीत उतरवून ठेवते, कुणी सांगितलेलं नाही.
आता वाटा तीन आहेत. एक, सांगलीतच विलिंग्डनसारख्या कॉलेजात, घरून जाऊन येऊन, फी म्हणजे आमच्या हिशोबाला किरकोळ. दोन, पुणे, गोखले इन्स्टिट्यूटची बीएस्सी इकॉनॉमिक्स नाहीतर फर्ग्युसन, तिथं फीपेक्षा राहण्या-खाण्याचाच आकडा मोठा, सगळं धरून मी वर्षाला दोन-अडीच लाख धरलेत. तीन, दिल्लीकडची एक खाजगी युनिव्हर्सिटी, नाव लिहीत नाही, त्यांनी थोडी स्कॉलरशिप दिलीय, ती वजा जाऊन होस्टेल, मेस, येणं-जाणं सगळं धरून तीन वर्षांचे अठरा लाख.
माझ्याकडं हिच्यासाठी सहा लाख बाजूला आहेत. बाकी कर्ज. ऊस चार एकर, हळद एक एकर, एक छोटं दुकान, आणि मागं धाकटा नववीत आहे. तर मला एवढंच कळून घ्यायचंय की तिसऱ्या वाटेला पुण्यापेक्षा जे जास्तीचे दहा-बारा लाख जाणार त्याच्या बदल्यात शिकवणं खरंच तेवढं वरचं मिळतं का? जाणकारांनी सांगा, नुसतं कॉलेजचं नाव सांगू नका.

मिरज_जंक्शन
पुणे. सरळ पुणे. मिरजेतनं रात्री गाडीत बसलं की सकाळी पुण्यात, पोर आजारी पडलं तर आईबाप पोचू शकतात. दिल्लीला तसं होत नाही.

संख्यावेडा
दादा, मी याच भागातला, बीएस्सी गणित इथल्याच कॉलेजातनं, पुढं एमए इकॉनॉमिक्स बाहेर, आता रिसर्चमध्ये नोकरी करतो. थोडं लांब लिहितोय पण वाचा.
पहिली गोष्ट, इकॉनॉमिक्स हा बीए-बीएस्सीवर थांबणारा विषय नाही. इंजिनीअर चार वर्षांत इंजिनीअर होतो, इथं तसं नाही. यूपीएससीची इंडियन इकॉनॉमिक सर्व्हिस घ्या, तिथं पदव्युत्तर पदवी लागते. रिझर्व्ह बँकेत अर्थतज्ज्ञ म्हणून ग्रेड बी मध्ये जी भरती होते, तिथंही मास्टर्स लागतं. कॉलेजात शिकवायचं तर मास्टर्स आणि वर नेट-सेट. म्हणजे पाच वर्षांचा खर्च धरायचा, तीनचा नाही. पहिल्या तीन वर्षांतच घरातला सगळा पैसा आणि कर्ज काढायची ऐपत संपवली तर खऱ्या टप्प्याला हात रिकामे.
दुसरी, आणि ही मला फार महत्त्वाची वाटते. देशातली मास्टर्सची सगळ्यात कसलेली ठिकाणं महाग नाहीत. दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स, १९४९ ची संस्था, दिल्ली विद्यापीठातच आहे, फी हजारांत. इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटचा (आयएसआय) एमएसक्यूई हा गणिती इकॉनॉमिक्सचा मास्टर्स कोर्स, कोलकाता आणि दिल्लीला, तिथं ट्यूशन फी नाही, उलट विद्यावेतन मिळतं. मुंबईत गोरेगावला इंदिरा गांधी इन्स्टिट्यूट आहे, रिझर्व्ह बँकेनं १९८७ साली काढलेली. मुंबई विद्यापीठाचा अर्थशास्त्र विभाग तर १९२१ पासूनचा, कलिनाला. या ठिकाणी आत जायला तुमची मुलगी कुठल्या इमारतीत बसून शिकली हे कुणी बघत नाही, प्रवेश परीक्षा बघतात. आणि परीक्षेत काय असतं? आयएसआयला दोन पेपर, त्यातला एक अख्खा गणिताचा. बाकीकडंही कॅल्क्युलस, लिनिअर अल्जेब्रा, प्रोबॅबिलिटी आल्याशिवाय पुढं सरकता येत नाही.
म्हणून तिन्ही ठिकाणचा सिलॅबस मागवा आणि फक्त एवढं बघा, गणिताचे पेपर किती आणि ते खरं गणित आहे की नुसती टक्केवारी आणि आलेख, संख्याशास्त्र किती सेमिस्टर, मायक्रो-मॅक्रो (एकेका ग्राहक-धंद्याचं आणि अख्ख्या देशाचं अर्थशास्त्र) एकदाच उरकलंय की पुन्हा वरच्या लेव्हलला आहे, इकॉनोमेट्रिक्स (आकडेवारीवरून अर्थशास्त्र तपासायचं शास्त्र) सक्तीचं आहे का ऑप्शनला. ज्या बीए इकॉनॉमिक्समध्ये गणिताचा एकही पेपर नाही तिथं मी माझ्या बहिणीला फुकटसुद्धा घालणार नाही, आणि जिथं गणित पक्कं आहे ते कॉलेज इथं सांगलीच्या विश्रामबागेत असलं तरी चालेल.

लांब_गेलेली
मी अशाच एका खाजगी युनिव्हर्सिटीत शिकले, तासगाव तालुक्यातली आहे. संख्यावेडा यांचं बरंचसं पटतं पण दुसरी बाजू लिहिते. तिथं वीस-पंचवीसच्या वर्गात ट्युटोरियल व्हायचं, दर आठवड्याला लिहून द्यावं लागायचं आणि सर लाल पेनानं ओळ न ओळ तपासून परत द्यायचे. मराठी मीडियममधून आलेल्या मला त्यानं जे इंग्रजी लिहिणं आलं ते इथं राहून आलं नसतं. तिसऱ्या वर्षी कंपन्या कॅम्पसला येतात, कन्सल्टिंग, डेटावाल्या, त्यांना मास्टर्स लागत नाही. आणि बाहेरदेशी पीएचडीला जायचं झालं तर शिफारसपत्र कुणाचं आहे याला वजन असतं. या गोष्टी फीच्या पावतीवर दिसत नाहीत पण असतात.
पण मी पूर्ण नीड-बेस्ड मदतीवर होते हे सांगायलाच पाहिजे. घरून जवळजवळ काही गेलं नाही. अशोका, अझीम प्रेमजी अशा ठिकाणी घरच्या उत्पन्नाप्रमाणं मदत असते, त्यासाठी वेगळा अर्ज असतो, कागदपत्रं भरपूर मागतात, आयटी रिटर्न, सातबारा, बँक स्टेटमेंट, सगळं. तुम्हाला जी "थोडी स्कॉलरशिप" मिळालीय ती मार्कांवरची सूट आहे की गरजेवरची मदत? मार्कांवरची असेल तर गरजेची वेगळी मागा, लेखी मागा. आणि तीन प्रश्न आधी विचारून घ्या, ही सूट तिन्ही वर्षं राहते का, कितीच्या खाली सीजीपीए गेला की बंद होते, आणि ती नुसत्या ट्यूशनवर आहे की होस्टेललाही लागू. दर वर्षी फी वाढते तेव्हा सूटही त्या प्रमाणात वाढते का हा चौथा.
पूर्ण मदत मिळाली तर जाऊ दे. बारा लाख कर्ज काढून असेल तर मी स्वतः माझ्या वडिलांना नको म्हणाले असते.

बँकेतला_काका
निवृत्त आहे, शाखेत एज्युकेशन लोनची फाइल बरीच वर्षं माझ्याच टेबलावर होती. कृष्णाकाठ, तुमचा आकडा मांडून दाखवतो. बारा लाख कर्ज, वर्षाला चार असं उचललं, दर सोयीसाठी १० टक्के धरू. कोर्स तीन वर्षं आणि वर एक वर्ष सवलत, या काळात हप्ता नसतो पण व्याज चालूच असतं, सरळ व्याजानं. पहिल्या चार लाखांवर चार वर्षांचं १ लाख ६० हजार, दुसऱ्यावर १ लाख २० हजार, तिसऱ्यावर ८० हजार. म्हणजे हप्ता सुरू व्हायच्या दिवशी १५ लाख ६० हजार देणं. दहा वर्षांत फेडायचं तर महिन्याला साडेवीस हजारांच्या वर हप्ता. आणि त्याच वेळी मुलगी मास्टर्सला असणार! बँक मुदत वाढवून देते पुढच्या शिक्षणासाठी, पण व्याज थांबत नाही.
आता शेतकऱ्याची जी अडचण कुणी सांगत नाही ती. हप्ता दर महिन्याला, उसाचं बिल वर्षातनं एकदा-दोनदा. कायद्यानं एफआरपी, म्हणजे उसाचा ठरलेला किमान दर, १४ दिवसांत द्यायची आहे, पण तुम्हाला-मला माहीत आहे पहिली उचल कधी येते आणि उरलेलं कधी येतं. मधल्या महिन्यांत हप्ता थकला की मुलीचा सिबिल खराब होतो, कारण कर्जदार ती, तुम्ही सहकर्जदार.
तारण. नेहमीच्या योजनेत साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही, वर गेलं की लागतं. आणि शेतजमीन घ्यायला बँका कां कू करतात कारण थकलेल्या कर्जाचं तारण जप्त करायच्या सरफेसी कायद्याखाली शेतजमिनीवर जप्ती करता येत नाही, त्यांना एनए (बिगरशेती) प्लॉट किंवा घर पाहिजे असतं. राहतं घर गहाण टाकून बीए करायचं का, याचं उत्तर घरात बसून द्या.
चांगली बाजूही आहे. पीएम विद्यालक्ष्मी, २०२४ च्या नोव्हेंबरात केंद्रानं मंजूर केली, एनआयआरएफ या सरकारी रँकिंगवरून निवडलेल्या संस्थांसाठी बिनातारण बिनाजामीन कर्ज. घरचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर सवलतीच्या काळात ३ टक्के व्याज सरकार सोसतं. तुमची संस्था त्या यादीत आहे का हे विद्यालक्ष्मी पोर्टलवर आधी बघा, मग शाखेत जा. यादीत नसलेल्या संस्थेसाठी बारा लाख काढू नका, माझं स्पष्ट मत.

हळदवाला
मुलींना आता सगळं शिक्षण फुकट आहे ना? सरकारनं जाहीर केलंय की.

बँकेतला_काका
सगळं नाही ओ. २०२४-२५ पासूनचा तो निर्णय व्यावसायिक अभ्यासक्रमांचा आहे, उत्पन्न ८ लाखांच्या आत आणि ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी मुलींसाठी. खाजगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं त्यातनं वगळलेली आहेत. साध्या बीए-बीएस्सीला तो लावून हिशोब करू नका. महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती वगैरे आहेत त्या बघा, पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ताही बघा, कोर्स बसतो का ते कॉलेजच्या स्कॉलरशिप क्लार्कला विचारा. तो माणूस कॉलेजात सगळ्यात उपयोगाचा असतो.

तासिका_तत्त्व
मी कॉलेजात शिकवते, इकॉनॉमिक्सच, सीएचबीवर, म्हणजे कायम नाही, तासाप्रमाणं पैसे. सिलॅबस बघा म्हणालात ते बरोबर, पण कागदावर इकॉनोमेट्रिक्स लिहिलेलं असणं आणि ते शिकवायला माणूस असणं यात फरक आहे. आमच्यासारख्या कॉलेजांत जागा वर्षानुवर्षं भरलेल्या नाहीत, निम्मे पेपर तासिका तत्त्वावरचे लोक घेतात, नेमणूकच कधीकधी सेमिस्टर सुरू होऊन महिना झाल्यावर येते, तोवर वर्ग रिकामा. आम्ही जीव लावून शिकवतो, पण जो पुढच्या वर्षी इथं असेल की नाही हे त्यालाच माहीत नाही त्याच्याकडं पोरगी तीन वर्षं प्रोजेक्ट कसं करणार? हे मी कुणाला कमी लेखायला सांगत नाहीये, हा आमच्या पोरांवर होणारा अन्याय आहे आणि पालकांनी विचारायला पाहिजे म्हणून सांगतेय.
तेव्हा दादा, ॲडमिशनआधी एकदा कॉलेजात जा. डिपार्टमेंटला विचारा, पूर्णवेळ किती, नेटवाले किती, पीएचडीवाले किती. मागच्या सेमिस्टरचं टाइमटेबल नोटीस बोर्डवर असतं, फोटो काढा. तिसऱ्या वर्षाची दोन पोरं कँटीनला गाठा आणि विचारा की स्टॅटिस्टिक्सचे तास झाले का. पुण्यातसुद्धा हेच करा. मोठ्या नावाखालीसुद्धा हीच परिस्थिती असू शकते.

अजिंक्यतारा
साताऱ्यातनं. थोडं इतिहासाचं, कारण आपल्या भागातल्या लोकांना हे सांगितलंच जात नाही. गोखले इन्स्टिट्यूट १९३० साली पुण्यात सुरू झाली ती सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटीला रावबहादूर रा. रा. काळे यांनी दिलेल्या देणगीतनं, आणि काळे हे साताऱ्याचे. पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ, ज्यांनी विखे पाटलांच्या जोडीनं प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा केला. साताऱ्यात आमच्याकडं कॉमर्स कॉलेजला त्यांचंच नाव आहे. म्हणजे इकॉनॉमिक्स हे दिल्ली-मुंबईच्या लोकांचं काम असं वाटून घ्यायचं कारण नाही, या देशातल्या शेतीच्या अर्थशास्त्राचा बराच अभ्यास आपल्याच मातीवर झालाय.
माझा पुतण्या साताऱ्यातच शिकला, रयतच्या कॉलेजात, कमवा आणि शिकामध्ये काम करून. घरून पैसे नव्हतेच. आता एमएला मुंबईत आहे. त्याला अवघड काय गेलं तर गणित नाही, सोबत. वर्गात पुढं जायचं म्हणणारी दोन-तीनच पोरं, बाकी स्पर्धा परीक्षा नाहीतर नुसती डिग्री. प्रवेश परीक्षेचे जुने पेपर सोडवायला बरोबर कुणी नसतं. हे इथं राहायचं ठरवलं तर धरून चाला.

संख्यावेडा
अजिंक्यतारा यांचा सोबतीचा मुद्दा शंभर टक्के खरा. त्यावर थोडा इलाज आहे. स्वयंम या केंद्राच्या ऑनलाइन पोर्टलवर आयआयटीच्या सरांचे लिनिअर अल्जेब्रा, प्रोबॅबिलिटी, इकॉनोमेट्रिक्सचे कोर्स फुकट आहेत, परीक्षेची फी तेवढी. यूजीसीच्या २०२१ च्या नियमाप्रमाणं सेमिस्टरच्या ४० टक्क्यांपर्यंत क्रेडिट तिथनं आणता येतात, फक्त कॉलेजनं मान्य करायला पाहिजे. हे प्रिन्सिपल सरांना ॲडमिशनआधी विचारा.
दुसरं एक विचारायचं. नव्या शैक्षणिक धोरणात मेजर-मायनर, म्हणजे मुख्य विषय आणि जोडविषय, आलंय. गणित किंवा संख्याशास्त्र मेजर आणि अर्थशास्त्र मायनर अशी जोडी तुमच्याकडं देता का? सायन्स आणि आर्ट्स दोन्ही असलेल्या कॉलेजात हे निदान शक्य तरी असतं. टाइमटेबल जुळत नाही असं सांगतील, तरी विचारा.

कृष्णाकाठ
एवढं कुणी लिहील वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार. काकांचा हिशोब रात्री बायकोला वाचून दाखवला, साडेवीस हजार ऐकून ती गप्पच झाली. युनिव्हर्सिटीला मेल केला ताई, त्यांचं उत्तर आलं, सूट मार्कांवरची आहे, फक्त ट्यूशनवर, आणि दर वर्षी रिव्ह्यू होणार. गरजेच्या मदतीची मुदत संपली म्हणाले. तेव्हा ती वाट मी बंद धरतोय.
आता राहिलं सांगली का पुणे. पुण्याला वर्षाला अडीच म्हणजे साडेसात, माझ्याकडं सहा, दीड लाखाचं बघता येईल. पण मग मास्टर्सला काही उरत नाही. सांगलीत राहिली तर सहाच्या सहा शिल्लक. खाली पोरगी लिहितीय, तिलाच बोलू दे.

कृष्णाकाठ
नमस्कार, मी त्यांची मुलगी. मी दोन्ही ठिकाणचे सिलॅबस शेजारी ठेवून बघितले. गोखलेच्या कोर्समध्ये गणित आणि स्टॅटिस्टिक्स पहिल्यापासून आहे, ते मला हवंय. इथं बीएस्सी गणित घेतलं तर गणित भरपूर मिळेल पण इकॉनॉमिक्स मला स्वतः वाचावं लागेल. माझा प्रश्न असा की कुठली गोष्ट स्वतः शिकणं जास्त अवघड? आणि माझ्याकडं हळदीच्या भावाची वही आहे, तिचा काही उपयोग होतो का?

संख्यावेडा
प्रश्न फार चांगला विचारलास. गणित एकट्यानं शिकणं जास्त अवघड. गणितात आपण कुठं अडलोय हेच कळत नाही, समोर फळ्यावर करून दाखवणारा माणूस लागतो आणि चुकलेलं गणित परत करायला लावणारा लागतो. पदवीच्या लेव्हलचं मायक्रो-मॅक्रो गणित येणाऱ्या मुलीला वाचून जमतं, सोपं नाही, पण जमतं. मी तसंच केलं. तेव्हा पुण्यात प्रवेश मिळाला आणि घरच्यांना जमलं तर दोन्ही एकत्र मिळेल, ते चांगलंच. नाही मिळाला तर इथली बीएस्सी गणित घे, गणित नसलेल्या बीएला नुसतं इकॉनॉमिक्स नाव आहे म्हणून जाऊ नकोस.
वहीचा उपयोग? अगं, लोकांना डेटा मिळत नाही. ॲगमार्कनेट या सरकारी बाजारभावाच्या साइटवर सांगली बाजार समितीचे रोजचे भाव असतात, ते उतरव, तुझ्या पट्ट्यांवरचे भाव शेजारी टाक आणि बघ की तुमच्या मालाला सरासरीच्या वर मिळालं का खाली, आवक वाढली की फरक किती पडतो, गठ्ठा आणि कणी या हळदीच्या प्रती वेगळ्या कर. आधी एक्सेलमध्ये, मग आर नावाचं आकडेमोडीचं सॉफ्टवेअर शिक, तेही फुकट आहे. हे तू पहिल्या वर्षाच्या सुट्टीत करू शकतेस.

लांब_गेलेली
आणि लिहून काढ, दोन पानं का होईना, इंग्रजीत. मला पाठव, मी लाल पेन घेऊन तयार आहे. खरंच सांगतेय, मेसेज कर.

तासिका_तत्त्व
पुण्याच्या राहण्याचा खर्च खाली येऊ शकतो. खाजगी हॉस्टेलचा भाव धरलाय तुम्ही. संस्थेचं स्वतःचं होस्टेल, किंवा समाजाची, ट्रस्टची मुलींची वसतिगृहं पुण्यात बरीच आहेत, अर्ज लवकर करावा लागतो, निकालाची वाट बघत बसलात तर जागा संपतात.

बँकेतला_काका
आणि सीट अडकवायला पैसे भरायची भीती बाळगू नका. ॲडमिशन रद्द केलं तर फी परत द्यायची शेवटची तारीख यूजीसी जाहीर करतं, २०२४-२५ ला ३० सप्टेंबरपर्यंत पूर्ण फी परत होती. यंदाचं परिपत्रक बघून घ्या. म्हणजे सांगलीत आधी ॲडमिशन करून ठेवा, पुण्याची यादी लागली की ठरवा. दीड लाखच काढायचं असेल तर ते कर्ज चार लाखांच्या आतलं, तारण नाही, मार्जिन (स्वतःचा हिस्सा भरायचा) नाही, हप्ताही झेपेल. मास्टर्सला ती आयएसआयसारख्या ठिकाणी गेली तर लागणारच नाही, नाही गेली तर तेव्हा कर्ज काढायला जागा शिल्लक आहे.

कृष्णाकाठ
हे जमेल काका. सोमवारी विलिंग्डनला जातोय दोघं, टाइमटेबल बघायला आणि मेजर-मायनरचं विचारायला. पुण्याच्या मुलींच्या वसतिगृहांची कुणाला माहिती असेल तर इथंच टाका, फॉर्म कधी निघतात तेही.

मिरज_जंक्शन
माझी भाची अशाच एका वसतिगृहात आहे, रात्री तिला विचारून फॉर्मची तारीख आणि कागदपत्रांची यादी टाकतो. उत्पन्नाचा दाखला मात्र आजच तहसीलला लावा, निकालाच्या दिवसांत तिथं रांग असते.